बटणावरचा शब्द

या अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना तुम्ही संगणकावर एक अर्ज भरला असेल. कदाचित स्वतः भरला असेल. कदाचित गावातल्या सेवा केंद्रातल्या मुलाने भरून दिला असेल आणि तुम्ही त्याच्या खांद्यामागे उभे राहून जन्मतारीख सांगितली असेल. अर्जाच्या शेवटी एक बटण होते. त्या बटणावर कोणता शब्द लिहिला होता, हे तुम्हांला आठवते का? बहुतेकांना आठवत नाही. शब्द इतका चपखल होता की तो जाणवलाच नाही, असे झाले असेल. किंवा तो कोणी वाचलाच नाही, नुसती जागा पाहून बोट दाबले, असेही झाले असेल. या दोहोंपैकी काय घडले, हे शोधून काढणे हा गेली काही वर्षे माझा व्यवसाय आहे.

या व्यवसायाला ‘यूजर एक्सपीरियन्स रिसर्चर’ म्हणतात. कचेरीच्या बोलण्यात नुसते ‘यूएक्स रिसर्चर’. मराठीत ‘वापरकर्ता-अनुभव संशोधक’ असा शब्द घडवता येतो, परंतु तो उच्चारताना मीच अडखळते. ‘अनुभव’ हा शब्द आपल्या भाषेत फार वरच्या पायरीवर बसलेला आहे. ज्ञानदेवांच्या ‘अनुभवामृता’तला अनुभव आणि फोनवर विजेचे बिल भरतानाचा अनुभव एकाच शब्दात कोंबणे जिवावर येते. म्हणून नातेवाइकांनी विचारले की मी एवढेच सांगते: एखादे ॲप किंवा अर्ज सर्वांच्या हाती जाण्याआधी तो चारचौघांना जमतो की नाही, हे मी त्यांच्याशेजारी बसून पाहते. यावर आमच्या मोठ्या काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “आणि याचे पैसे देतात?” देतात.

डोनाल्ड नॉर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या पदनामात ‘यूजर एक्सपीरियन्स’ हे शब्द घातले. तेव्हापासून हे नाव रूढ झाले. काम मात्र त्याहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची ‘बी-१७’ जातीची बाँबफेकी विमाने उतरल्यानंतर धावपट्टीवर अचानक पोटावर बसत. वैमानिकांची चूक, असे म्हणून प्रकरण मिटवले जाई. अल्फॉन्स शापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत जाऊन पाहिले, तेव्हा चाके आत घेण्याची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ शेजारी शेजारी, दिसायला आणि हाताला सारखी असल्याचे आढळले. त्याने एका कळीच्या टोकाला चाकाच्या आकाराची मूठ बसवली, दुसरीला पाचरीच्या आकाराची. पुढे १९८७ मध्ये ल्यूसी सचमन यांचे पुस्तक निघाले. त्या मानवशास्त्रज्ञ, नोकरी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात. त्यांनी प्रती काढण्याच्या यंत्रापुढे माणसांना उभे करून त्यांची धडपड चित्रित केली. यंत्रापुढे गोंधळलेल्यांमध्ये संगणकशास्त्रातले नामवंतही होते. हा इतिहास मला फार उशिरा कळला. कळला तेव्हा विशेष बरे वाटले ते एका गोष्टीचे: शापानिस काय किंवा सचमन काय, दोघेही यंत्र बनवणाऱ्यांपैकी नव्हते.

मी या कामात शिरले ती मागल्या दाराने. बारावीनंतर शिक्षण सुटले होते. नागपुरात एका सर्वेक्षण संस्थेसाठी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून आणण्याचे काम मिळाले. एका पूर्ण भरलेल्या प्रश्नावलीमागे ठरावीक पैसे; अर्धवट भरलेलीचे काहीच नाही. महाल, इतवारी, इंदोरा, मोमीनपुरा, जरीपटका अशा वस्त्या पायी हिंडावे लागे. एका गल्लीत मराठीत सुरू केलेला प्रश्न दुसऱ्या गल्लीत हिंदीत विचारावा लागे, जरीपटक्यात आजीबाई उत्तर सिंधीत देत आणि सून ते हिंदीत करून सांगे. मे महिन्यात नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांना टेकले की लोक दार उघडत ते दया येऊनच. आधी पाणी, कधी पन्हे, मग प्रश्न. साबण कोणता वापरता, तो का आवडतो, एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? उत्तरे भराभर मिळत. पुष्कळदा तर यजमान म्हणत, “तुम्हीच लिहा जी काय लिहायचं ते.”

त्या काळी मला हे सौजन्य वाटे, आणि ते सौजन्य होतेच. उन्हातून आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, एवढाच त्या उत्तरांचा अर्थ होता. साबणाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ‘सांगता येत नाही’ असा एक रकाना प्रश्नावलीत छापलेला असे. तो फार वेळा भरलेला आढळला की पर्यवेक्षक नाराज होत. त्यामुळे आम्ही तो क्वचितच भरत असू. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटते, सर्वांत खरी माहिती त्याच रकान्यात होती.

तिशी उलटल्यावर मी मराठी विषय घेऊन आपल्याच विद्यापीठात बी. ए.ला नाव घातले. रविवारी अभ्यासकेंद्रावर वर्ग भरत. माझ्या शेजारी एक एस. टी. वाहक बसत, मागच्या बाकावर दोघी अंगणवाडी सेविका. ‘लीळाचरित्र’ अभ्यासाला होते. तेराव्या शतकातला हा ग्रंथ म्हाइंभटांनी सिद्ध केला तो ऋद्धिपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. चक्रधरस्वामींच्या पश्चात, त्यांच्या सहवासात राहिलेल्या स्त्रीपुरुषांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या आणि मग लिहिल्या. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे सांगणे जुळले नाही, तर दुसरे खोडून टाकण्याऐवजी तेही नोंदवून ठेवण्याची रीत महानुभाव परंपरेत दिसते. परीक्षेच्या दृष्टीने हा पाच गुणांचा मजकूर होता. मला मात्र प्रश्नावल्यांचे गठ्ठे आठवले. सात शतकांपूर्वी एक माणूस माझेच काम करत होता, आणि माझ्यापेक्षा किती तरी प्रामाणिकपणे करत होता.

पदवी हाती येईपर्यंत पारसोडीच्या आयटी पार्ककडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कचेरीत मला अनुवादाचे काम मिळाले होते. एका स्तंभात इंग्रजी शब्द, शेजारच्या रिकाम्या स्तंभात मराठी शब्द भरायचे. वाक्ये नाहीत, संदर्भ नाही, शब्द नेमका कोणत्या जागी दिसणार तेही ठाऊक नाही. वर बटणात मावेल एवढाच आखूड हवा. बचत गटांतल्या स्त्रियांना फोनवरून कर्जासाठी अर्ज करता यावा, अशी एक योजना होती. इंग्रजी स्तंभात ‘सबमिट’ हा शब्द आला. मी क्षणभरही न थांबता शेजारी लिहिले, ‘जमा करा’. त्या दिवशी मी असे दोनशे शब्द भरले असतील.

अनुवाद मराठीत, म्हणून चाचणीलाही मलाच पाठवले. स्वतः लिहिलेले स्वतः तपासू नये हा नियम तेव्हा मला ठाऊक नव्हता आणि कचेरीत कोणाला तो सांगावासा वाटला नाही. उमरेडच्या पुढे भिवापूरच्या बाजूला, एका गावाच्या समाजमंदिरात आठ स्त्रिया जमल्या. तो मिरचीचा मुलूख. चाचणी म्हटले तरी अर्ज खरेच नोंदले जाणार होते. पन्नाशीच्या एका बाईंना मिरची कांडप यंत्र घ्यायचे होते. त्यांनी वीस हजारांचा आकडा टाकला, नाव-गाव भरले, मी दाखवले तिथे बोट दाबले. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरे आली, ‘यशस्वीरीत्या जमा झाले’.

मी विचारले, “झालं का?”

“झालं जी.”

“काही अडचण?”

“नाही जी. सोपं आहे.”

मी वहीत लिहिले: काम पूर्ण, चार मिनिटे, अडचण नाही. आठपैकी आठ जणींचे काम पूर्ण झाले होते. माझ्या अहवालाचे कचेरीत कौतुक झाले आणि पेढे वाटले गेले.

पाचव्या दिवशी गटाच्या सचिव बाईंचा फोन आला. कांडप यंत्रवाल्या बाई दुसऱ्याच दिवशी मजुरी बुडवून, तीही ऐन मिरची तोडणीच्या दिवसांत, एस. टी.ने बँकेत गेल्या होत्या. पासबुक भरून घेतले, तर त्यात वीस हजार नव्हते. त्यांनी पुन्हा भरायला सांगितले. खिडकीतल्या माणसाने त्यांना समजावले की अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल, होईलच असेही नाही. परंतु बँकेत जाण्याआधी त्या यंत्रविक्रेत्याकडे थांबल्या होत्या. दिराकडून उसने घेतलेले दोन हजार रुपये त्यांनी विसार म्हणून त्याच्या हातावर ठेवले होते. ते परत मिळाले नाहीत.

आता तुम्हीच ‘जमा’ या शब्दाकडे पाहा. अरबीतून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येथे त्याचा मोठा संसार झाला. माणसे जमा होतात, पुरावा जमा होतो, अनामत जमा करतात. जमाबंदी, जमाखर्च, नामशेष झालेल्याला आपण ‘इतिहासजमा’ म्हणतो. शब्दकोशाच्या न्यायालयात ‘जमा करा’ निर्दोष सुटेल. परंतु त्या बाईंच्या आयुष्यात हा शब्द एकाच ठिकाणी छापील भेटत होता: बँकेच्या पासबुकात, ‘नावे’च्या शेजारच्या रकान्यात. तिथे जमा म्हणजे आलेला पैसा. आमच्या स्क्रीनवर वीस हजार हा आकडा होता, खाली ‘जमा करा’ होते आणि बटण दाबल्यावर ‘जमा झाले’ असे फोनच सांगत होता. त्यांनी प्रत्येक अक्षर बरोबर वाचले होते. मी लिहिले होते चुकीचे.

मला अधिक टोचले ते ‘झालं जी’. विदर्भातले ‘जी’ तुमच्या परिचयाचे असेल किंवा नसेल. त्यात आदर आहे, मार्दव आहे आणि समोरच्याला दुखवायचे नाही असा निश्चयही आहे. ‘झालं जी’ याचा अर्थ बटण दाबून झाले, पैसे मिळाले, तुम्हांला हवे ते मी केले, किंवा आता मला घरी जाऊ द्या, यांपैकी काहीही असू शकत होता. मी विचारले नाही. माझ्या ‘झालं का?’ या प्रश्नाच्या पोटातच त्याचे उत्तर होते. साबणाला पाचपैकी गुण मागणारी मीच, फक्त हातात प्रश्नावलीऐवजी फोन आला होता.

मी नोकरी सोडायचे ठरवले होते. आमच्या कचेरीसाठी पुण्याहून अधूनमधून काम करणाऱ्या एका अनुभवी संशोधक बाई होत्या, त्यांनी माझ्याकडून त्या चाचणीचे ध्वनिमुद्रण मागवून घेतले आणि दोन दिवसांनी फोनवर एवढेच म्हणाल्या, “तू किती वेळ बोललीस ते घड्याळ लावून मोज.” मी मोजले. वीस मिनिटांच्या मुद्रणात त्या बाई तीन मिनिटेही बोलल्या नव्हत्या. बाकी सगळा माझा आवाज होता: समजावणारा, धीर देणारा, घाई करणारा. तो पुन्हा ऐकणे ही शिक्षाच होती आणि शिक्षणही.

भिवापूरच्या बाजूला मी पुन्हा जाईपर्यंत सहा महिने लोटले. त्या काळात काय शिकले ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला या वाटेने यायचे असेल तर ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट प्रश्नांची. बटण दाबण्याआधी थांबवून विचारायचे, “आता काय होईल असं वाटतं?” दाबल्यावर विचारायचे, “शेजारणीला सांगायचं तर काय झालं म्हणून सांगाल?” या दोन प्रश्नांत ‘हो’ म्हणून सुटका नसते. काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगण्याचीही एक पद्धत आहे. शहरातली मुले ते चटकन करतात, ग्रामीण भागातल्या ज्येष्ठांना मात्र आपण एकटेच बडबडतो आहोत असे वाटून संकोच होतो. तेव्हा मी दोघी मैत्रिणींना एकत्र बसवते. त्या एकमेकींशी बोलतात आणि मी गप्प राहते. गप्प राहणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. समोरचा माणूस चुकीच्या जागी बोट नेत असताना त्याला न सांगणे नागपूरकराच्या स्वभावातच नाही.

दुसरी गोष्ट माणसे निवडण्याची. याकोब नील्सन या तज्ज्ञांचे एक मत फार प्रसिद्ध आहे: एखाद्या रचनेतल्या बहुतेक अडचणी पाच माणसांच्या चाचणीत सापडतात. कचेऱ्यांना हे मत अतिशय आवडते, कारण त्याने खर्च वाचतो. परंतु कोणती पाच? धरमपेठेतली पाच आणि इंदोऱ्यातली पाच यांच्या अडचणी सारख्या नसतात, आणि रामटेकच्या पलीकडच्या गोंडीभाषक पाड्यावर तर मराठी हीच दुसरी भाषा असते. माझ्या प्रश्नावलीच्या दिवसांचा या कामी मला अतोनात उपयोग झाला. कोणत्या गल्लीत कोण राहते, दुपारी कोण घरी असते, सासूसमोर सून का बोलत नाही, हे पुस्तकात मिळत नाही.

पुस्तकी शिक्षणाच्या वाटाही आहेत. मुंबईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, तेच आजचे ‘आयडीसी’. मराठीत फोनवर लिहिण्याचा ‘स्वरचक्र’ हा कळफलक तिथेच घडला. अभिकल्पाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘सीड’ नावाची प्रवेशपरीक्षा असते. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कोणतीही पदवी असली की तिला बसता येते आणि वयाची अट नाही. म्हणजे मराठीचा पदवीधर, चाळिशीतलाही, तिला बसू शकतो. मात्र परीक्षेला बसण्याची पात्रता आणि एखाद्या संस्थेत प्रवेश मिळण्याच्या अटी या वेगळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी तीन वर्षांची पदवी पुरत नाही, म्हणून त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक नीट वाचावे. मी स्वतः तिथवर गेले नाही. आयडीसीच्या ‘डीसोर्स’ या संकेतस्थळावरचे विनामूल्य पाठ रात्री वाचले आणि पुण्याच्या बाईंच्या हाताखाली टिपणे घेण्याचे काम केले.

या क्षेत्रातली पायरी बहुधा तिथूनच सुरू होते. आधी चाचणीसाठी माणसे शोधून आणायची, मग दुसऱ्याच्या मुलाखतीत कोपऱ्यात बसून टिपणे घ्यायची, मग मुलाखत स्वतः घ्यायची, आणि पुष्कळ काळानंतर काय शोधायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळतो. नोकरी मागताना पदवीपेक्षा केलेल्या कामाची फाइल अधिक पाहिली जाते: प्रश्न काय होता, कोणाला भेटलात, काय दिसले, त्याने काय बदलले. कंपनीची गुपिते त्यात घालता येत नाहीत आणि भेटलेल्या माणसांची नावे तर मुळीच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटाविषयी २०२३ मध्ये आपल्याकडे कायदा झाला, परंतु कायद्याची वाट न पाहताही संमतिपत्र साध्या भाषेत वाचून दाखवणे आपल्या हाती असते. ते संमतिपत्रच कोणाला समजत नाही, ही गंमत मी अनेकदा पाहिली आहे.

नागपुरात या नोकऱ्या थोड्या आहेत. मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आल्या. तरी असे पद हवे तर बहुतेकांना पुणे, मुंबई, बंगळूर किंवा हैदराबादकडे पाहावे लागते. मी तीन-चार कंपन्यांसाठी सुटे काम करते, त्यात काही महिने भरगच्च जातात आणि काही कोरडे. २०२२च्या अखेरीपासून जगभरच्या तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसे कमी केली, तेव्हा आमच्यातलीही पुष्कळ पदे गेली. खऱ्या माणसांऐवजी संगणकानेच बनवलेल्या काल्पनिक माणसांना प्रश्न विचारून उत्तरे मिळवण्याची टूमही आता निघाली आहे. ती उत्तरे वाचायला फार छान असतात. त्यांतले कोणी तरी मला पन्हे देऊन “तुम्हीच लिहा जी” म्हणाले असते, तर माझा विश्वास बसला असता.

सहा महिन्यांनी आम्ही बटणावरच्या शब्दाची चाचणी घेतली, तेव्हा चार-पाच शब्द कागदावर लिहून नेले होते. ‘प्रस्तुत करा’ कोणालाच अडखळल्याशिवाय वाचता आले नाही. ‘सादर करा’ वाचून एका आजोबांनी विचारले, “कोणाले?” प्रश्न अगदी रास्त होता, सादर करायचे म्हणजे समोर कोणी तरी हवे. ‘दाखल करा’ म्हणताच एका बाईंना दवाखाना आठवला. देवनागरीतले ‘सबमिट’ तरुण मुलींना लगेच कळले, आणि एका वृद्धेनेही ओळखले: “सेवा केंद्रातलं पोरगं दाबते नं जी, ते.” तिला शब्द ओळखीचा होता, अर्थ नाही. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोश’ झाला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर ‘पदनाम कोश’ निघाला आणि त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून थट्टाही झाली. कारभाराची मराठी घडवण्याचा खटाटोप आपल्याकडे जुना आहे. परंतु शब्द घडवून झाल्यावर तो घेऊन समाजमंदिरात जाऊन बसावे, ही त्यातली पुढची पायरी सहसा राहून जाते. आम्ही शेवटी ‘अर्ज पाठवा’ असे लिहिले. तो शब्दप्रयोग कोणालाही सुंदर वाटला नाही आणि कोणालाही अडला नाही.

कांडप यंत्रवाल्या बाईंकडे मी त्याच दिवशी गेले. विसाराचे दोन हजार रुपये मी बरोबर नेले होते. कचेरीच्या हिशेबात ते बसत नव्हते, म्हणून माझे होते. त्या नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, असा प्रसंग मी बसमध्ये मनाशी रंगवला होता. त्यांनी पैसे घेतले, दोनदा मोजले आणि कपाटात ठेवले. मग म्हणाल्या, “दाखवा आता काय नवीन आणलं.”

मी फोन त्यांच्या हाती दिला आणि भिंतीला टेकून बसले. त्यांनी आकडा टाकला, नाव भरले. बटणापाशी त्या थांबल्या, मी विचारण्याआधीच म्हणाल्या, “हे दाबलं का अर्ज जाते.” दाबले. स्क्रीनवर आम्ही नव्याने लिहिलेला मजकूर आला: तुमचा अर्ज पोहोचला आहे. पैसे अजून खात्यात आलेले नाहीत. मंजुरी मिळाल्यावर फोन येईल. त्यांनी तो बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचला. मी काही विचारले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. बाहेर अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवर कोंबडी आली, तिला हाकलून त्या परत येऊन बसल्या.

“मंग कधी येईन जी फोन?” त्यांनी विचारले. “आन नाहीच मंजूर झालं, तं सांगते का कोणी?”

आमच्या कचेरीने एकूण चौतीस स्क्रीन तयार केल्या होत्या. अर्ज नामंजूर झाला तर काय दिसावे, याची एकही नव्हती. त्या नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर मी त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, ‘जी’सकट लिहिला, आणि वेळ, टक्केवारी वगैरे मजकूर दुसऱ्या पानावर ढकलला.